दुसऱ्याच्या लोकशाहीचा खर्च

१५ नोव्हेंबर १९७१ पासून देशात कुठेही पत्र टाकायचं तर नेहमीच्या तिकिटाशेजारी आणखी ५ पैशांचं एक तिकीट चिकटवावं लागे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठीचा तो अधिभार होता. नवं चित्र काढून, साचा तयार करून तिकीट छापायला वेळ नव्हता. म्हणून नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसने कुटुंबनियोजनाचं ५ पैशांचं चालू तिकीटच घेतलं आणि त्यावर निर्वासित साहाय्याची अक्षरं छापली. ती तिकिटं पुरेनात, तेव्हा ठिकठिकाणच्या टपाल खात्याने आपापले शिक्के मारून वेळ भागवली. तिकिटं जमवणारे आजही हे शिक्के गावागणिक वेगळे ओळखतात. १ डिसेंबरला खास तिकीट आलं. अधिभार मात्र ३१ मार्च १९७३ पर्यंत चालू राहिला, म्हणजे युद्ध संपून सव्वा वर्ष उलटलं तरी.

मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमालेला बसणाऱ्या श्रोत्यांना एक प्रश्न नवा नाही: दुसऱ्या देशात लोक लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरले, तर आपल्या देशाने त्यांच्या मागे उभं राहावं का? उत्तरं बहुधा दोनच येतात. एक म्हणजे ‘आपलं आपल्याला थोडं आहे का?’ आणि दुसरं, ‘जगातल्या सर्वांत मोठ्या लोकशाहीचं हे कर्तव्यच आहे.’ दोन्ही उत्तरांत एक गोष्ट सुटते. मदत म्हणजे नेमकी कोणती वस्तू, ती मागितली कोणी, आणि ती बंद करायची कळ कोणाच्या हातात, हे ठरल्याशिवाय हो किंवा नाही म्हणण्यात काही अर्थ नाही.

१९७१ चंच घ्या. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या होत्या. ३०० जागांच्या सभागृहात हे स्पष्ट बहुमत होतं. सत्ता देण्याऐवजी २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कर ढाक्याच्या रस्त्यांवर उतरलं. म्हणजे कोणाला पाठिंबा द्यायचा हे दिल्लीला ठरवावं लागलं नाही, मतपेटीने ते आधीच ठरवलेलं होतं. ३१ मार्चला संसदेने पाठिंब्याचा ठराव केला. १७ एप्रिलला सीमेलगतच्या आंबराईत बांगलादेशच्या हंगामी सरकारचा शपथविधी झाला आणि त्याचं कामकाज कोलकात्याच्या ८, थिएटर रोडवरून सुरू झालं. मे अखेरीस त्या सरकारच्या रेडिओला, ‘स्वाधीन बांगला बेतार केंद्रा’ला, ५० किलोवॅटचा प्रक्षेपक मिळाला. तोवर निर्वासितांचा लोंढा चालूच होता, तो वर्षअखेरपर्यंत एक कोटीच्या घरात गेला.

इतकं सगळं पुरवूनही भारताने त्या सरकारला औपचारिक मान्यता दिली ती ६ डिसेंबरला, युद्ध सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी. या उशिराबद्दल तेव्हा पुष्कळ टीका झाली, पण त्यात हिशेब होता. ज्या सरकारच्या ताब्यात स्वतःची जमीन नाही त्याला मान्यता दिली, तर ते शेजाऱ्याच्या हातचं बाहुलं ठरतं आणि इतर देश त्याच्यापासून लांब राहतात. आधी जागा, रेडिओ, रेशन आणि प्रशिक्षण, मान्यता सर्वांत शेवटी, हा क्रम बरोबर होता असं माझं मत आहे.

त्यानंतरचा भाग नाशिककरांच्या जवळचा आहे. नव्या देशाकडे स्वतःच्या नोटा नव्हत्या. ४ मार्च १९७२ रोजी बांगलादेशात नकाशाचं चित्र असलेल्या ज्या पहिल्या नोटा चलनात आल्या, त्या नाशिकरोडला छापलेल्या होत्या. थोड्याच दिवसांत तिकडे बोलबाला झाला की भारताने ठरल्यापेक्षा जास्त नोटा छापून बाजारात सोडल्या आहेत. नोटांची सुरक्षा चिन्हं साधी असल्याने बनावट नोटाही निघाल्या आणि संशयाला खाद्य मिळालं. महागाई आणि टंचाईने त्रासलेल्या लोकांना या गोष्टी पटायला वेळ लागला नाही. १९७३ मध्ये अर्थमंत्री ताजुद्दीन अहमद यांना त्या नोटा चलनातून काढून घ्याव्या लागल्या. स्वतंत्र देशाचं चलन शेजाऱ्याच्या छापखान्यात छापलं की त्या छापखान्याने काहीही केलं नाही तरी संशय त्याच्यावर येतोच. नाईलाजाने करावं लागलं तर मालाची मोजदाद तिसऱ्याच्या समोर व्हायला हवी आणि पहिल्याच दिवशी शेवटची तारीख ठरायला हवी. लष्कराच्या बाबतीत भारताने हे केलं होतं. १२ मार्च १९७२ ला ढाक्यात निरोपाचं संचलन झालं आणि फौज परतली. विजयी फौज तीन महिन्यांत घरी गेल्याची उदाहरणं इतिहासात फार नाहीत.

तरीही जानेवारी १९७५ मध्ये बांगलादेशात एकपक्षीय राजवट आली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला मुजीबुर रहमान यांची हत्या झाली. बाहेरच्या मदतीने देश स्वतंत्र होऊ शकतो. न्यायालय, विरोधी पक्ष, वेळेवर निवडणूक या गोष्टी मात्र कोणी पार्सलने पाठवू शकत नाही.

मदत घेणाऱ्याच्या बाजूने पाहायचं तर नाशिकला आणखी जुना अनुभव आहे. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पाठवलेल्या २० ब्राउनिंग पिस्तुलांचा माग काढत सरकार सावरकरांपर्यंत पोहोचलं. नाशिक कटाच्या खटल्यासाठी त्यांना बोटीने आणत असताना ८ जुलै १९१० ला त्यांनी मार्सेच्या बंदरात उडी घेतली, किनाऱ्यावर पकडले गेले आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना पुन्हा बोटीवर सोपवलं. त्यावर फ्रान्समधल्या समाजवाद्यांनी गदारोळ केला, त्यात कार्ल मार्क्सचा नातू जाँ लोंगे पुढे होता. फ्रेंच सरकारला आपला कैदी परत मागावा लागला आणि प्रकरण हेगच्या लवाद न्यायालयात गेलं. २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला: चूक झाली असली तरी कैदी परत देण्याचं बंधन नाही. परक्या भूमीवरचा पाठिंबा असा असतो. प्रश्न जगासमोर जातो, प्रतिपक्षाला उत्तर द्यावं लागतं, पण सुटका होईलच असं नाही. ते आंदोलन लोकशाहीचं नव्हतं, स्वातंत्र्याचं होतं आणि मार्ग सशस्त्र होता, हे खरंच. पण पाठिंब्याची यंत्रणा तीच होती: वर्तमानपत्र, कायद्याचा मुद्दा, आणि परक्या संसदेत प्रश्न विचारणारं कोणीतरी.

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातून आणखी एक धागा निघतो. १९३२-३३ मध्ये जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता ही मंडळी तिथे एकत्र होती आणि काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना तिथल्याच चर्चांतून आकाराला आली. पुढे १९४३ मध्ये भूमिगत जयप्रकाशांनी नेपाळच्या तराईत ‘आझाद दस्ता’ उभारला, तिथेच ते पकडले गेले आणि साथीदारांनी हनुमाननगरच्या कोठडीवर चाल करून त्यांना सोडवलं. नेपाळचे बी. पी. कोईराला बेचाळीसच्या चळवळीत भारतात तुरुंगात होते. म्हणजे इथे मदत दोन्ही बाजूंनी चालली होती, सरकारांच्या आधी माणसांनी केलेली. पुढे जयप्रकाश आणि लोहिया नेपाळमधल्या राणाशाहीविरुद्ध, म्हणजे राणा घराण्याच्या वंशपरंपरागत सत्तेविरुद्ध, उभे राहिले, यात परोपकार कमी आणि परतफेड जास्त होती.

मग सरकार आलं, आणि सरकारबरोबर मदत बंद करायची ती कळ आली. नोव्हेंबर १९५० मध्ये राजे त्रिभुवन काठमांडूच्या भारतीय दूतावासात आश्रयाला गेले, तिथून दिल्लीला आले, आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये तडजोड होऊन राणाशाही संपली. ती तडजोड दिल्लीत झाली, हा डाग नेपाळी राजकारणात आजवर पुसला गेलेला नाही. डिसेंबर १९६० मध्ये राजे महेंद्रांनी कोईरालांचं निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं. नेपाळी काँग्रेसने भारतीय हद्दीतून सशस्त्र उठाव सुरू केला आणि भारताने काणाडोळा केला. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला. आता नेपाळचा राजा दुखावून चालणार नव्हतं. दिल्लीतून निरोप गेला आणि महिन्याभरात नेपाळी काँग्रेसचे नेते सुवर्ण शमशेर यांना उठाव थांबवावा लागला. ज्यांनी घरदार सोडलं होतं त्यांना कोणी विचारलंही नाही.

निर्वासित चळवळीचं पुढे काय होतं याचाही धडा नेपाळच देतो. परक्या देशात राहून पक्ष चालवायला पैसा लागतो आणि वर्गणी देणारे गावाकडे राहिलेले असतात. १० जून १९७३ ला विराटनगरहून निघालेलं छोटं विमान पळवून बिहारमध्ये फारबिसगंजला उतरवण्यात आलं आणि त्यातली ३० लाख भारतीय रुपयांची सरकारी रोकड चळवळीसाठी लुटली गेली. त्या प्रकरणी भारतात तुरुंगवास भोगलेले सुशील कोईराला २०१४ मध्ये नेपाळचे पंतप्रधान झाले. आश्रय देताना उपजीविकेचा विचार केला नाही, तर असलं काहीतरी घडतं.

भारताने १९८९ मध्ये केलेली नेपाळची नाकेबंदी त्याहून गुंतागुंतीची. व्यापाराचे आणि पारवहनाचे, म्हणजे भारतातून माल ने-आण करण्याचे, करार संपले, दोन सोडून बाकी नाकी बंद झाली आणि काठमांडूत रॉकेलच्या रांगा लागल्या. भांडणाच्या मुळाशी नेपाळने चीनकडून घेतलेली शस्त्रं होती, लोकशाही नव्हती. पण राजाची राजवट खिळखिळी झाली आणि एप्रिल १९९० मध्ये पक्षांवरची बंदी उठली. पुन्हा २००६ च्या एप्रिलमध्ये राजाविरुद्धच्या आंदोलनाने काठमांडू पेटलेलं असताना राजाने देऊ केलेल्या अर्धवट सवलतीचं दिल्लीने स्वागत केलं आणि लोक संतापल्यावर घाईघाईने भूमिका दुरुस्त केली. ज्या पक्षांनी माओवाद्यांशी १२ कलमी समझोता नोव्हेंबर २००५ मध्ये दिल्लीतच केला होता, त्यांचाच अंदाज आपल्याला आला नाही, ही नामुष्कीच होती. आणि २०१५ मध्ये संविधान सभेने केलेलं संविधान दिल्लीला रुचलं नाही, नाक्यांवर ट्रक अडले. भारताने नाकेबंदी केल्याचं नाकारलं, पण नेपाळी माणसाच्या स्वयंपाकघरातला गॅस संपलेला होता. मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी पारवहनाचा करार केला.

आणीबाणीत पारडं उलटलं. १९७१ मध्ये बांगलादेशासाठी जगभर फिरलेले जयप्रकाश १९७५ मध्ये स्थानबद्ध झाले आणि त्यांच्या सुटकेसाठी लंडनमध्ये मोहीम चालली. तेव्हा आपल्या सरकारला तो परकीय हात वाटला. परदेशी देणग्यांवर नियंत्रण आणणारा कायदा १९७६ चा, म्हणजे आणीबाणीतलाच. २०१० मध्ये नवा कायदा आला, २०२० मध्ये तो आणखी कडक झाला. आपल्या संस्थांना परदेशी पैसा नको म्हणणारा देश दुसऱ्याच्या संस्थांना पैसा देतो तेव्हा समोरचा हसतो. त्याचं चुकतं असंही म्हणता येत नाही.

मग काय पुरवावं? ज्या चळवळींना बाहेरची मदत खरोखर कामी आली, तिथल्या वस्तूंच्या याद्या पाहिल्या तर त्या फार साध्या आहेत. पोलंडमध्ये डिसेंबर १९८१ ला लष्करी कायदा आल्यावर भूमिगत झालेल्या ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार चळवळीला हवे होते चक्रमुद्रण यंत्राचे भाग, स्टेन्सिल, शाई आणि कागद. चळवळीचं स्वतःचं कार्यालय ब्रसेल्सला होतं, मागणी आतून यायची आणि पाश्चात्त्य कामगार संघटनांची मदत त्या वाटेने जायची. कोणतं पत्रक छापायचं हे देणारा ठरवत नव्हता. सर्बियात २००० साली अमेरिकन पैशातून २५ लाख स्टिकर्ससाठी ८० टन चिकट कागद गेला. सत्ताधीश मिलोशेविच पडला. पण पुढे त्याच्याविरुद्ध लढलेल्या ‘ओत्पोर’ या युवक संघटनेच्या पोरांना वर्षानुवर्षं ‘तुम्ही विकले गेलात’ हे ऐकावं लागलं, कारण देणारा एकच आणि मोठा होता.

कागदापेक्षाही मोलाची मदत म्हणजे मतमोजणीची. हुकूमशहा निवडणूक घेतात ती जिंकण्यासाठी, आणि चोरी मतदान केंद्रावर होते त्याहून जास्त बेरजेत होते. त्यावर उपाय समांतर मोजणी. आपल्याकडे मतदान संपल्यावर उमेदवाराच्या प्रतिनिधीला नमुना १७ सी ची प्रत मिळते, त्या केंद्रावर किती मतं पडली याची. मोजणी केंद्रावरच होत असेल तर निकालाचं पत्रक तिथेच दाराला लावलं पाहिजे, ही पहिली अट. मग सगळी केंद्रं मोजायची गरज नसते. चिठ्ठ्या टाकून निवडलेली हजारभर केंद्रं पुरतात. प्रत्येक केंद्रावर एक प्रशिक्षित स्वयंसेवक, हातात ठरलेला तक्ता, फोनची एक वाट आणि ती बंद पडली तर दुसरी, आणि मध्यवर्ती ठिकाणी आकडे भरणारे. बिघडतं ते नमुन्यात. फोन लागतो म्हणून शहरातली केंद्रं आधी येतात, खेडी मागे राहतात, आणि कोणीतरी उतावीळपणे आठ वाजता विजय जाहीर करतो. एकदा आकडा चुकला की सत्ताधाऱ्याची चोरीही खरी ठरते.

फिलिपिन्समध्ये फेब्रुवारी १९८६ ला ‘नॅमफ्रेल’ या नागरिकांच्या संघटनेची मोजणी आणि सरकारी आकडे जुळेनात. ९ तारखेला सरकारी मोजणीचे संगणक चालवणारे कर्मचारीच आकडे फिरवले जाताहेत म्हणत उठून गेले आणि २५ तारखेला हुकूमशहा मार्कोस देश सोडून गेला. चिलीत हुकूमशहा पिनोशेने सत्तेवर राहावं का यावरच्या ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात सरकार निकाल अडवून बसलं होतं, पण स्वतंत्र मोजण्यांतून ‘नाही’ची आघाडी पक्की झाली होती. मध्यरात्री वायुदलप्रमुखाने राजवाड्यात शिरताना पत्रकारांना सांगून टाकलं की ‘नाही’ जिंकलं आहे. पिनोशेला ५६ टक्क्यांनी नाकारलं. या दोन्ही ठिकाणी बाहेरून गेलं ते प्रशिक्षण आणि खर्चाचा काही भाग, माणसं सगळी तिथलीच होती.

या कामात भारताकडे खरोखरचं सामान आहे. १९६२ पासून आपल्या बोटाला लागणारी मैसूरची शाई पंचवीसहून अधिक देशांत जाते. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट त्वचेवर आणि नखावर काळं पडतं आणि नख वाढेपर्यंत राहतं. बोट ओलं किंवा तेलकट असलं, किंवा शाई सुकायच्या आत पुसली, तर मात्र तिचा उपयोग नाही, म्हणून ती लावणाऱ्याला शिकवावं लागतं. भूतानच्या २००८ च्या आणि नामिबियाच्या २०१४ च्या निवडणुकीत भारतीय मतदान यंत्रं होती. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी सुरू झाला तेव्हा भारताने १ कोटी डॉलर दिले. हे काम फारसं छापून येत नाही. त्यात कोणाचा नेता निवडावा लागत नाही, आणि मला ते भाषणांपेक्षा अधिक पटतं.

भाषणांचा धोका हंगेरीने दाखवला. १९५६ मध्ये पाश्चात्त्य रेडिओ ऐकून सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध उठलेल्या बुडापेस्टच्या पोरांना वाटलं, मदत येतेय. ४ नोव्हेंबरला आले ते सोव्हिएत रणगाडे, आणि दोन लाख लोक देश सोडून पळाले. संयुक्त राष्ट्रांत मुक्त निवडणुकीच्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिलं, ते लाजिरवाणंच होतं. पण याच भारताच्या राजनैतिक अधिकाऱ्यांनी पुढे पडद्याआड रदबदली केली आणि उठावानंतर पकडल्या गेलेल्या आर्पाद ग्योंत्सचा फास टळण्यात तिचा हात होता. १९९० मध्ये तोच माणूस हंगेरीचा राष्ट्राध्यक्ष झाला. उघड मत आणि बंद दाराआडची विनवणी यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

निर्बंधांबद्दल थोडक्यात. १९४६ मध्ये भारताने वर्णद्वेषावरून दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला तेव्हा झळ आपल्यालाही बसली होती. १९७४ मध्ये त्याच देशाविरुद्धची डेव्हिस कप टेनिसची अंतिम लढत सोडून दिली, म्हणजे करंडकच सोडून दिला. देणाऱ्याचं काहीतरी गेलं म्हणून त्या पाठिंब्याला वजन होतं.

आता निफाड-लासलगावकडे बघा. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद होती, इथला शेतकरी भाव पडल्याने रस्त्यावर होता. त्याच काळात, मार्च २०२४ मध्ये, बांगलादेशला ५० हजार टन कांदा सरकारी मार्गाने देण्याची परवानगी निघाली. तिथे जानेवारीत झालेल्या निवडणुकीवर मुख्य विरोधी पक्षाने बहिष्कार घातला होता. ५ ऑगस्टला आंदोलनाने सत्ता गेलेल्या पंतप्रधान शेख हसीना विमानाने भारतात आल्या आणि पेट्रापोलच्या नाक्यावर कांद्याचे ट्रक उभे राहिले. वर्षानुवर्षं एकाच पक्षाशी आणि एकाच घराण्याशी मैत्री ठेवली, की तो पक्ष पडल्यावर नव्या पिढीशी बोलायला कोणी उरत नाही. आश्रय देणं चूक नव्हतं. तिथे जे विरोधात होते त्यांच्याशी ओळख न ठेवणं चूक होती. आणि त्याची किंमत दिल्लीत कोणी मोजत नाही, ती क्विंटलमागे इथे मोजली जाते.

व्यक्तीवर पैज लावण्याचं आणखी एक उदाहरण पूर्वेला आहे. १९८८ च्या उठावात भारताने म्यानमारच्या लोकांची बाजू उघड घेतली, आकाशवाणीची बर्मी सेवा लष्कराला झोंबत होती. १९९३ चा नेहरू पुरस्कार आंग सान सू ची यांना जाहीर होईपर्यंत दिल्लीचं धोरण लष्कराशी जुळवून घेण्याकडे झुकलं होतं. २०१७ मध्ये सात लाख रोहिंग्या हाकलले गेले तेव्हा सू ची सत्तेत होत्या आणि २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन त्यांनी आपल्या देशाच्या बाजूने युक्तिवाद केला. तरी नोव्हेंबर २०२० ला त्यांच्या पक्षाने निवडणूक जिंकली होती आणि १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने ती मोडली, हेही तितकंच खरं. पाठिंबा त्या मतांना द्यायचा असतो.

१८ जून २०२१ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारवरचा ठराव ११९ विरुद्ध १ मताने संमत झाला. तटस्थ राहिलेल्या ३६ देशांत भारत होता. १,६४३ किलोमीटरची सीमा आणि पलीकडे बसलेले ईशान्येचे बंडखोर गट पाहता ते तटस्थ मत समजू शकतं. समजत नाही ते मिझोराममधलं. मार्च २०२१ मध्ये केंद्राने सीमेवरच्या राज्यांना कळवलं की कोणाला निर्वासित दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही. मिझोरामच्या मुख्यमंत्र्यांनी उलट पत्र लिहून माणुसकीचा मुद्दा मांडला आणि गावांनी, चर्चनी पलीकडून आलेल्यांच्या जेवणाची सोय केली. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात निर्वासित असा वेगळा दर्जा नव्हता, २०२५ च्या नव्या कायद्यातही नाही. तिबेटींना नोंदणी प्रमाणपत्र मिळतं, त्यावर शाळा, दवाखाना, नोकरी चालते, आणि धरमशालेत त्यांची निवडणूकही होते. तेच प्रमाणपत्र म्यानमारच्या चिन टेकड्यांतून आलेल्या शिक्षकाला किंवा परिचारिकेला द्यायला संयुक्त राष्ट्रांत मत बदलावं लागत नाही, म्यानमारच्या लष्कराशी बोलणं तोडावं लागत नाही. एक वर्षाची मुदत, छायाचित्र, जिल्ह्याचा शिक्का आणि दरवर्षी नूतनीकरण एवढंच त्याला लागतं, आणि ते गृह मंत्रालयाच्या एका परिपत्रकाने होऊ शकतं.